न वाजणारं पान

वाचनताईंचा हात थरथरतो हे घरात कुणाच्या लक्षात यायच्या आधी मायक्रोफोनच्या लक्षात आलं.

माणसाला जे दिसत नाही ते या काळ्या दांडक्याला ऐकू येतं, असं कानसेन नेहमी म्हणायचे. कानसेन म्हणजे ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ. काचेच्या एका बाजूला ते कानांवर हेडफोन चढवून बसत. दुसऱ्या बाजूला, जाड फोमच्या भिंतींच्या खोलीत, हिरवं कापड अंथरलेल्या टेबलाशी वाचनताई बसत आणि पुस्तक वाचत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही संस्था पुस्तकं आवाजात उतरवून घेई. खरं नाव सगळे विसरावेत इतकी वर्षं ताई तिथे वाचत होत्या, म्हणून त्या वाचनताई.

वाचायला बसायचं म्हणजे बांगड्या काढायच्या, कडक इस्त्रीचे कपडे टाळायचे, पोटात चार घास असायला हवेत आणि पाचवा नको, कारण उपाशी पोटही वाजतं आणि भरलेलंही. पण सगळ्यात मोठा शत्रू कागद. पुस्तकाची पानं सुटी करून घेतली तरी उचलताना तो कुरकुरतोच. त्यावर ताईंनी स्वतःचा तोडगा काढला होता. आदल्या दिवशी पानं न्हाणीघरात दोरीवर चिमट्यांनी टांगायची. दमट हवेत कागद मऊ पडतो, मऊ पडला की मुका होतो. ताईंचे यजमान आंघोळीला गेले की आतून ओरडायचे, "अगं, नायिकेवर पाणी उडालं गं!"

दिवा लाल झाला की ताई क्षणभर डोळे मिटत, मनातल्या मनात देवाचं नाव घेत आणि मग तोंड उघडत. समोर कुणी बसलेलं नसे, पण त्यांच्या लेखी खोली भरलेली असे. कुणी स्वयंपाक करताना ऐकतंय, कुणी अंथरुणाला खिळून ऐकतंय, कुणी दोन खोल्यांच्या घरात कानाशी यंत्र धरून ऐकतंय. श्रोता दिसत नाही म्हणून तो नाही असं थोडंच आहे? देव तरी कुठे दिसतो!

तर त्या वर्षी वाचायला आली होती तीन बहिणींची एक जाडजूड कादंबरी. पहिला भाग श्रोत्यांकडे गेला होता, आणि दुसरा कधी येतो म्हणून संस्थेत फोन यायला लागले होते. त्यातच कानसेन वरचेवर हात वर करू लागले.

"ताई, पुन्हा घेऊ या. कागद बोलला."

"पुन्हा?"

"मागच्या पूर्णविरामापासून."

ताई मागच्या पूर्णविरामापासून घेत. थोडं पुढे गेलं की पुन्हा हात वर. कागद मऊच होता, न्हाणीघरातलाच होता. उचलणारी बोटं मात्र आता सरळ उचलत नव्हती. पान हवेत जात असताना त्याला बारीक कंप सुटे, वाऱ्यात पिंपळपान हलावं तसा, आणि तो सगळा मायक्रोफोनमध्ये उतरे. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं काय आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

ते संस्थेच्या संचालिका मॅडमना माहीत होतं. त्या वाईट नव्हत्या. उलट वाईट बातमी सांगताना स्वतः उठून खुर्ची देणाऱ्यांपैकी होत्या.

"ताई, तुम्हाला कुणी जा म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या. "पारखीकाकांना मदत लागतेच. त्यांच्यासोबत तपासणीला बसा. मुद्रण झालेलं ऐकायचं, चुका सांगायच्या. हाताचा प्रश्नच नाही."

"आणि हे पुस्तक?"

"नव्या वाचकाकडून पूर्ण करून घेऊ."

"अर्ध्यात आवाज बदलायचा? धाकटीच्या तोंडून उद्या दुसरीच बाई बोलायला लागली तर ऐकणाऱ्यांनी काय समजायचं?"

"रोजचं काम निम्म्यावर आलंय ताई. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

ताई खुर्चीतून उठल्या. महिनाभराची सवड मागितली आणि घरी आल्या.

घरी लेक आलेली होती. तिने सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला. "आई, कागद हवाच कशाला? संस्थेकडे पुस्तकाची फाइल असेल ना? पडद्यावर वाच."

आधी फोन झाला. ताईंनी दोन उशा उभ्या करून त्यांच्या आडोशाला बसून वाचून पाहिलं. अक्षर दिसेल इतकं मोठं केलं की ओळीत तीन शब्द मावत. डोळा ओळीच्या टोकाला जाऊन परत येईतो आवाज अडखळे. यजमान दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "तार आल्यासारखं वाटतंय. बहीण गंभीर. ताबडतोब या."

मग लॅपटॉप. तो ताईंनी थेट संस्थेत नेला. सुरुवातीला छान चाललं. जरा वेळाने लॅपटॉप तापला आणि त्याच्या पोटातला पंखा सुरू झाला. कानसेननी हात वर केला.

"ताई, आत कुणी घोरतंय का?"

पंख्याचं एक वेळ जमवता आलं असतं, पण उभ्या पडद्यावर आवाज आपटून परत मायक्रोफोनमध्ये येत होता. डब्यात बसून वाचल्यासारखं लागतंय, असं कानसेन म्हणाले, आणि लॅपटॉप पिशवीत गेला.

राहिला टॅब. लेकीकडे एक होता. कधीतरी मोठ्या हौसेने घेतला, चार दिवस मिरवला, आणि मग फोनवर होतं ते फोनवर, लॅपटॉपवर होतं ते लॅपटॉपवर, टॅब पडला कपाटात. नातवाने त्यावर जॅमच्या बोटांनी कार्टून बघितली, तेवढाच काय तो संसार.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," यजमानांना निमित्त सापडलं. "फोन खिशात राहतो, लॅपटॉप टेबलावर राहतो. हा राहणार कुठे? फोन म्हणून कानाला लावला तर लोक हसतील, लॅपटॉप म्हणून मांडीवर घेतला तर मान मोडेल."

"बाबा, तुम्ही चष्मे किती ठेवलेत?"

"दोन. एक लांबचा, एक जवळचा."

"आणि तो तिसरा, उशाशी असतो तो?"

"तो मधल्या अंतराचा आहे," यजमान म्हणाले, आणि मग वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले.

लेकीने टॅब पुसला, पडदा मध्येच झोपणार नाही असं करून दिलं, उजेड बेताचा केला, बाहेरून काही वाजू नये म्हणून सगळं बंद केलं. अक्षर मोठं, ओळ पुरेशी लांब, पंखा नाही, आणि टेबलावर जवळजवळ आडवा ठेवता येतो म्हणजे आवाज आपटायचीही भीती नाही. उजव्या कडेला बोट टेकवलं की पान पुढे.

दुसऱ्या दिवशी ताई लाल दिव्यासमोर बसल्या आणि वाचत राहिल्या. कानसेनचा हात वर झालाच नाही. ते काचेपलीकडून अविश्वासाने बघत होते. मध्यंतराला बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, कागद मेला की काय?"

"शुभ बोला हो कानसेन."

"शुभच बोलतोय. इतकी शांतता मी या खोलीत कधी ऐकली नाही."

आणि काम जे पळालं! मागचं साचलेलं भरून निघालं. मॅडमनी येता जाता दोनदा काचेतून डोकावून अंगठा उंचावला. बदलीचा विषय निघाला नाही. ताईंनी न्हाणीघरातली दोरी सोडली, तेव्हा यजमान म्हणाले, "आता आंघोळ करताना अगदी एकटं वाटतं."

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी तपासणीच्या खोलीतून पारखीकाकांचं बोलावणं आलं. ताई आणि कानसेन, दोघांनाही.

पारखीकाकांना जन्मापासून दिसत नव्हतं. मुद्रण झालेलं प्रत्येक पुस्तक श्रोत्यांकडे जाण्याआधी त्यांच्या कानांखालून जाई. एखादा शब्द खाल्ला गेला, उच्चार घसरला, कुठे खोकला राहिला, की काका टेबलावर बोट आपटत. आज त्यांचं बोट स्थिर होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"या बाई. बसा. कानसेनही आलेत ना? मुक्यासारखे उभे राहू नका. मला एक सांगा, धाकटीचं लग्न कधी झालं?"

ताई म्हणाल्या, "कुणाच्या धाकटीचं?"

"तुमच्या हो. कादंबरीतल्या. काल संध्याकाळपर्यंत ती कुमारिका होती. आज सकाळी तिला सासू आहे."

काकांनी यंत्र चालू केलं. ताईंचाच आवाज खोलीत आला, स्वच्छ, भरलेला, कुठेही न अडखळणारा: "धाकटी दारातच थबकली, तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि सासूला म्हणाली, दूध उतू जातंय."

काकांनी यंत्र थांबवलं. "वाक्य फर्मास आहे. आवाजही फर्मास. फक्त मधल्या मध्ये मुलगी उजवून टाकलीत तुम्ही. मला आहेर करायचीही संधी मिळाली नाही."

टॅब आणला गेला. ताईंनी ते पान काढलं. पान संपत होतं "मागे वळून पाहिलं आणि" इथे. पुढच्या पानावर धाकटी घर सोडत होती, त्याच्या पुढे तिचं लग्न होत होतं, आणि मग ज्या पानाच्या माथ्यावर "सासूला म्हणाली" होतं ते आलं होतं. कडेला टेकवायचं बोट थरथरलं होतं. एकदा टेकवलेलं बोट यंत्राच्या लेखी तीनदा टेकलं होतं.

"आणखी असतील," ताई हळूच म्हणाल्या.

"आहेत," काका म्हणाले. "थोरलीचा एक दात दुखायला लागण्याआधीच काढलाय. पण ते मी दंतवैद्याच्या घाईवर ढकललं होतं."

यात चूक कुणाची, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला. ताई वाचत होत्या ते वाक्य. डोळा आवाजाच्या पुढे अर्धी ओळ धावत असतो, तो जोडीला जे सापडेल ते उचलतो, आणि गळा त्याला चाल लावतो. अशा वेळी वाचणाऱ्याला वाक्य कळतं, गोष्ट नंतर कळते. आणि कानसेन? कागद होता तेव्हा ते तो वाजला की लगेच काचेतून बघत, ताईंनी पान उचललं, दुसरं समोर आलं. तो आवाज शत्रू होता, तसा पहारेकरीही होता. आता पहारेकरीच गेला होता.

"पण कानसेन, तुम्ही ऐकत होतात ना?" ताईंनी विचारलं. रागाने नव्हे, खरोखरच विचारलं.

"ऐकत होतो म्हणजे..." कानसेननी मान खाजवली. "श्वास ऐकत होतो. स चा फुत्कार ऐकत होतो. मध्ये एकदा तुमची लाळ वाजली, ती ऐकली. ती धाकटी कोण, हे मला आत्ता कळतंय."

"इतकी वर्षं?"

"तुम्ही वाचलेल्या एकाही पुस्तकाचा शेवट मला सांगता यायचा नाही ताई. पण कुठल्या पुस्तकाच्या वेळी तुम्हाला सर्दी होती ते सांगतो."

पारखीकाका खो खो हसले, पण ताई हसल्या नाहीत. झाकून ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं, कानसेननाही नव्हतं. दोघं मॅडमकडे गेले आणि घडलं ते सांगितलं. टॅब लावल्यापासूनचं सगळं पुन्हा ऐकून दुरुस्त करायला लागणार होतं. पळालेलं काम गेल्या पावली परत आलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कागदही नाही आणि हेही नाही," त्या म्हणाल्या. "ताई, मला वाटतं आता..."

"पानावरचा आकडा बघून वाचा ना," कानसेन मध्येच म्हणाले.

"आकडा बघायला डोळा खाली गेला की आवाजही खाली जातो," ताई म्हणाल्या. "पाहिलंय मी करून."

कानसेननी टॅब हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग कानसेन म्हणाले, "अडचण टॅबची नाही. बोटाची आहे. बोटच बाजूला काढू या."

"कुणाचं?"

"तुमचं. पान मला उलटू द्या."

मॅडमनी अखेर होकार दिला, पण अट घालून. आठवडाभर बघायचं, आणि पारखीकाकांचा शब्द अखेरचा.

लेक दुसऱ्या गावाहून फोनवर सांगत होती, कानसेन लॅपटॉपवर करत होते, ताई टॅब धरून उभ्या होत्या. कुठलं बटण दाब, कुठे होय म्हण, आता दोन्हीकडे एकच पान दिसतंय का बघ. बऱ्याच झटापटीनंतर लॅपटॉपवर बाण दाबला की टॅबवरचं पान पुढे सरकायला लागलं. लॅपटॉप काचेबाहेर राहणार होता, तेव्हा त्याला किती घोरायचं ते घोरू दे. ताईंनी घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा यजमान बोटांवर मोजायला लागले.

"म्हणजे फोन, लॅपटॉप आणि टॅब," मग ते म्हणाले, "आणि त्यांच्यावर तीन माणसं. सगळ्यांनी मिळून एक पान उलटलं."

"उलटलं ना पण?"

"उलटलं बाई, उलटलं. मी कुठे नाही म्हणतोय!"

पहिल्या दिवशी ताईंना सगळ्यात जड गेले ते स्वतःचे हात. त्यांना कामच नव्हतं. कधी टेबलाच्या कडेला येऊन थांबत, कधी नसलेलं पान उचलायला निघत. शेवटी त्यांनी एका हाताने दुसरा धरला आणि दोन्ही मांडीत ठेवून दिले. तिथे काय थरथरायचं ते थरथरा म्हणाल्या.

बाहेर कानसेनची तऱ्हा वेगळीच. शाळा सुटल्यापासून त्यांनी सलग असं काही वाचलेलं नव्हतं. पान वेळेवर उलटायचं तर ताईंच्या बरोबर ओळीवरून डोळा चालवायला हवा, आणि कान तर आवाजावर हवेत. पहिलं पान त्यांनी लवकर उलटलं, ताईंची ओळ तोंडातच राहिली. दुसरं उशिरा. तिसऱ्याला ताईंनी आतून खूण केली आणि सांगितलं, शेवटून दुसरा शब्द माझ्या तोंडातून निघाला की उलटा, शेवटचा मी डोळ्यात धरून ठेवलेला असतो. ते जमलं. मग पानं गुळगुळीत जाऊ लागली. वाजत नव्हती, सुटतही नव्हती, कारण आता सुटायची तर दोघांच्या डोळ्यांदेखत सुटायला हवी होती.

धाकटीने घर सोडलं ते पान राहिलं होतं, ते त्यांनी घेतलं. तिचं रीतसर लग्न लावलं. पुढे दोनतीन दिवसांनी मधलीचं प्रकरण आलं. मधली दवाखान्याच्या बाकावर बसलेली, आतून कुणी तरी बाहेर येतंय, आणि त्याचा चेहरा बघून तिला काय कळायचं ते कळतं. ताई ओळीच्या शेवटापर्यंत आल्या. शेवटून दुसरा शब्द गेला. शेवटचाही गेला. पान तिथेच.

ताई थांबल्या. तोंड किंचित उघडं, पुढचा शब्द कुठला ते माहीत नाही. दिवा लाल. त्यांनी काचेकडे बघितलं. कानसेनचं बोट बाणाच्या वर होतं आणि ते समोर बघत होते, पण लॅपटॉपकडे नव्हे. त्यांचे दोन्ही डोळे भरून आलेले होते.

ताईंनी हात वर केला. तो थरथरला, पण आवाज काहीच झाला नाही.

"मागच्या पूर्णविरामापासून घेऊ या," कानसेन कसेबसे म्हणाले. "माझी चूक."

आठवडा संपला तेव्हा पारखीकाकांनी त्या दिवसांचं सगळं ऐकून ठेवलं होतं. मॅडम, ताई आणि कानसेन त्यांच्या खोलीत उभे होते. काकांनी हेडफोन उतरवला, टेबलावर नीट ठेवला.

"सुटलेलं काही नाही," ते म्हणाले. "शब्द सगळे आहेत. आवाजात कुठे डाग नाही. काम जुन्यापेक्षा जरा सावकाश होतंय, पण पुन्हा घ्यायला लागत नाही, म्हणजे हिशेब तोच." मग जरा थांबून म्हणाले, "आणि बाई बरं वाचायला लागल्यात. आधी चांगलं वाचायच्या. आता समोर कुणी तरी बसलंय असं वाचतात."

मॅडमनी विचारलं, "मग बाकीच्या वाचकांसाठीही टॅब घेऊ का? ताई, तुमचा अनुभव काय?"

ताईंनी विचार केला. त्यांना वाटलं असतं तर त्या हो म्हणू शकल्या असत्या. टॅबने त्यांची खुर्ची राखली होती.

"ज्याचा हात स्थिर आहे त्याला मऊ कागद पुरे," त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरी फोन आहे, लॅपटॉप आहे, त्याला याची गरज पडायची नाही, कपाटातच जाईल. आणि माझ्यासारख्याला नुसता देऊन उपयोग नाही. बाहेर एक माणूस लागतो, सोबत वाचणारा. तो असेल तर घ्या."

"आणि ताईंचं पुढे काय करायचं?" मॅडम स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. "पुढचं पुस्तक देताना कामाचा वेग बघायला लागेल, आणि मागच्या महिन्यापेक्षा..."

"पुढचं पुढे बघा," कानसेन म्हणाले. मॅडमसमोर इतक्या मोठ्याने बोलायची त्यांची रीत नव्हती. "हे पुस्तक संपेपर्यंत ती खुर्ची हलवायची नाही. मधलीचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही."

"लॅपटॉपवर आहे की सगळं," मॅडम म्हणाल्या. "पुढे वाचून घ्या."

"ते मला नाही जमत हो मॅडम. मी एकटा बाण दाबला तर नुसती अक्षरं पुढे जातात."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग ताईंकडे. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "हे पुस्तक ताईंचं." पुढच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

ताई आत गेल्या. बांगड्या काढून दाराबाहेरच्या फळीवर ठेवल्या, कोमट पाण्याचा घोट घेतला, दार लावून घेतलं. टॅबवर मधलीचं प्रकरण अजून चालूच होतं, ती पुन्हा दवाखान्याच्या त्याच बाकावर येऊन बसली होती. काचेपलीकडे कानसेन खुर्ची पुढे ओढून बसले होते. दिवा लाल झाला. ताईंनी डोळे मिटले, उघडले, आणि वाचायला लागल्या.